पास झाले, वाचायचे राहिले

२०२३ च्या सुरुवातीला पुण्यात स्पर्धा परीक्षांचे उमेदवार रस्त्यावर बसले होते. जागा वाढवा, रखडलेले निकाल लावा, या मागण्या पुण्याला नव्या नाहीत. हे आंदोलन मात्र परीक्षेच्या स्वरूपावरून होते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचे ठरवले होते. नऊ पेपर, १७५० गुण, आणि गोल काळे करण्याऐवजी पानेच्या पाने लिहायची. उमेदवारांचे म्हणणे एवढेच, की हे २०२५ पासून करा. फेब्रुवारी संपता संपता आयोगाने ते मान्य केले.

मागणी गैर नव्हती. वर्षानुवर्षे बहुपर्यायी प्रश्नांचा सराव केलेल्या माणसाला एकाएकी निबंध लिहायला बसवणे अन्यायाचेच झाले असते. तरीही एक गोष्ट खटकते. ही परीक्षा पदवीधरांची. तीन वर्षे कॉलेजात काढून बाहेर पडलेल्याला मुद्देसूद लिहिण्याची तयारी करायला आणखी दोन वर्षे लागत असतील, तर कॉलेजात आणि त्याआधी अकरावी-बारावीत नेमके काय चालते, हे एकदा नीट पाहायला हवे.

ही चर्चा निघाली की स्टाफरूममध्ये पहिले उत्तर ठरलेले असते : मुलांचे इंग्रजी कच्चे आहे. ते खोटे नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी अकरावी सायन्सला जाते आणि मार्चपर्यंत मराठीत शिकलेले जीवशास्त्र जुलैपासून इंग्रजीत शिकू लागते; पहिले काही महिने तिचे निम्मे लक्ष विषयाकडे आणि निम्मे शब्दांकडे असते. पण कला शाखेचे काय? तिथे इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र मराठीतून शिकवले जाते, उत्तरपत्रिकाही मराठीत. त्याच वर्गाला चार पानी मराठी लेख देऊन ‘लेखकाचे म्हणणे काय आणि ते त्याने कशाच्या आधारावर मांडले, ते दहा ओळींत लिहा’ असे सांगितले, की वर्ग गप्प होतो. इंग्रजीचे कारण तिथे चालत नाही.

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२३ मध्ये १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींना गाठले. २६ राज्यांतले २८ जिल्हे, ३४,७४५ जण. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला आपल्याच भागातल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता आला नाही. इंग्रजी वाक्ये वाचू शकणारे ५७.३ टक्के निघाले. याहून बोलका भाग पुढे आहे. ओआरएसच्या पुडीवरच्या सूचना वाचायला देऊन मुलांना चार साधे प्रश्न विचारले गेले. ज्यांना थोडेफार वाचता येत होते, त्यांच्यापैकी साधारण दोन तृतीयांश जणांनाच चारपैकी किमान तीन उत्तरे देता आली. म्हणजे अक्षरे लागतात पण अर्थ हाती येत नाही, असा एक मोठा गट मध्ये उभा आहे. हे आकडे निवडक जिल्ह्यांचे आहेत आणि त्यात शिक्षण सुटलेली मुलेही आहेत, त्यामुळे ते उचलून महाराष्ट्रातल्या एफ.वाय.च्या वर्गाला चिकटवता येणार नाहीत. पण दिशा कळते.

आणि हे दुखणे फक्त आपले नाही. अमेरिकेत कॉलेजप्रवेशासाठी एसीटी नावाची चाचणी असते. ती घेणाऱ्या संस्थेने २००६ मध्ये जाहीर केले, की चाचणी देणाऱ्यांपैकी ५१ टक्केच विद्यार्थी कॉलेजच्या वाचनाला तयार आहेत. यातल्या बहुतेकांची बोलीभाषा इंग्रजीच. तयार कोण आणि कच्चा कोण, हे कशावरून ओळखू येते, याचाही त्या अहवालाने शोध घेतला. सरळ माहिती विचारणारा प्रश्न की आडून अर्थ विचारणारा प्रश्न, याने विशेष फरक पडत नव्हता. मजकूर गुंतागुंतीचा झाला, की दोन गट स्पष्ट वेगळे पडत होते.

गुंतागुंतीचा म्हणजे कसा, ते एका परिच्छेदावरून पाहू. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला सहज देता येईल असा हा मजकूर : ‘१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातले धान्याचे उत्पादन कोसळले, तरी भूकबळींची लाट आली नाही. याचे श्रेय पुष्कळदा बाहेरून आलेल्या धान्याला दिले जाते. परंतु धान्य बाजारात असणे वेगळे आणि ते विकत घेण्याइतके पैसे मजुराच्या हातात असणे वेगळे. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख लोक सरकारी दुष्काळी कामांवर होते. या मजुरीमुळे धान्याला गिऱ्हाईक मिळाले आणि धान्य गावापर्यंत पोचले, अशी मांडणी ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी केली आहे.’

याचा सारांश बहुधा असा येतो : ‘१९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. धान्याचे उत्पादन घटले. सुमारे पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते.’ एकही वाक्य चुकीचे नाही, आणि तरी परिच्छेदाचे म्हणणे गायब आहे. मधले वळण, म्हणजे एक प्रचलित मत आधी सांगून मग ते खोडण्याची जागा, वाचणाऱ्याच्या हातून निसटली. थोडा हुशार विद्यार्थी लिहितो, ‘दुष्काळात धान्य आणि रोजगार दोन्ही महत्त्वाचे असतात.’ हे तर आणखी वाईट, कारण ते कोणालाच नाकारता येत नाही आणि लेखकाने ते म्हटलेलेही नाही. हवे असते ते असे : धान्याच्या पुरवठ्यापेक्षा लोकांच्या हातातली मजुरी निर्णायक ठरली असे या लेखकाला वाटते, आणि पुरावा म्हणून तो कामावरच्या माणसांची संख्या देतो. हे लिहायला व्याकरण फार लागत नाही. हे मत कोणाचे, कोणाच्या विरोधात आणि कशाच्या बळावर, हे तीन प्रश्न वाचता वाचता विचारायची सवय लागते. ती लावलेली नसेल तर मजकूर मराठीत असो की इंग्रजीत, विद्यार्थी त्यातून सनावळी आणि आकडे तेवढे वेचून बाहेर येतो.

ही सवय लावण्याची जागा आपल्याकडे आखलेली होती. जुन्या पद्धतीत अकरावीला मॅट्रिक होऊन मुले कॉलेजात जात आणि प्री-डिग्रीच्या वर्गात बसत. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानंतर दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला, आणि महाराष्ट्रात दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा १९७५ मध्ये झाली. मधली दोन वर्षे शाळा आणि पदवी यांच्या सांध्यावरची. म्हणून तर कितीतरी कनिष्ठ महाविद्यालये वरिष्ठ महाविद्यालयाच्या आवारात, त्याच ग्रंथालयाच्या भिंतीला लागून उभी राहिली. आज सायन्सच्या मुलाला त्या ग्रंथालयाचा रस्ता क्वचितच माहीत असतो. ‘नीट’मध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण, एमएचटी-सीईटीला २०० गुण, आणि कुठेही एक वाक्य लिहायचे नाही. नाव कॉलेजात आणि मूल क्लासमध्ये, या ‘इंटिग्रेटेड’ सोयीला आवर घालण्यासाठी सरकारला २०१८ मध्ये काही विभागांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. हजेरी अंगठ्याने लागते, वाचन लागत नाही, हे सांगायला आदेश कशाला हवा?

आता पाठ्यपुस्तकांकडे वळले की गंमत दिसते. बालभारतीचे बारावीचे इंग्रजी ‘युवकभारती’ उघडून पाहावे. त्याच्या लेखनकौशल्यांच्या भागात सारांशलेखन आहे, टिपणे काढणे आहे, मनोनकाशा आहे, आणि परदेशी विद्यापीठे मागतात ते ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’सुद्धा आहे. मराठीच्या ‘युवकभारती’त उपयोजित मराठीखाली मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख येतात. कॉलेजच्या तयारीची यादी करायला बसलेल्या कोणत्याही तज्ज्ञाने याहून फार वेगळे काही लिहिले नसते. प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आणण्यामागचा हेतूही पाठांतर मोडण्याचाच होता.

मग अडते कुठे? गुणदानाच्या साच्यात. अहवालाला शीर्षक किती, तारीख-ठिकाण किती, परिच्छेद किती, हे ठरले की क्लासमध्ये त्याचा सांगाडा तयार होतो. ‘दिनांक अमुक रोजी आमच्या महाविद्यालयात मोठ्या उत्साहात’ हे वाक्य वृक्षारोपणालाही चालते आणि वाचन प्रेरणा दिनालाही. अपेक्षित प्रश्नसंचांनी कृतिपत्रिका पहिल्या दोन वर्षांतच पचवली. सारांशाचे उतारेही ठरावीक लांबीचे, ठरावीक वळणाचे. दहा पानी मजकूर वाचून एक पान लिहायची वेळ बारावीपर्यंत येतच नाही.

या सगळ्यात एक जागा फार मोलाची आहे आणि तिची सगळ्यात जास्त हेळसांड होते. ती म्हणजे पर्यावरण शिक्षणाचा प्रकल्प. बारावीच्या प्रत्येक शाखेतला विद्यार्थी तो करतो. त्याच्या वहीची शीर्षके पाहा : प्रस्तावना, प्रकल्पाचे महत्त्व, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भसूची. शोधनिबंधाचे अंग अन् अंग त्यात आहे. गावातल्या ओढ्याच्या पाण्याबद्दल, बाजारातल्या प्लास्टिकबद्दल, सोसायटीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्याबद्दल सतरा वर्षांच्या मुलाने स्वतः पाहून लिहायचे, ही कल्पना कोणाही चांगल्या शिक्षकाला आवडावी अशीच. प्रत्यक्षात काय होते ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, किंवा मोबाइलवर पीडीएफ येते. ती सुबक अक्षरात उतरवायची, मार्जिनला रंगीत पट्टी मारायची, वर्तमानपत्रातली चित्रे चिकटवायची. निरीक्षणे दुसऱ्याच कोणत्या तरी जिल्ह्यातली असतात. नदीसुद्धा कधी कधी दुसरीच असते. संदर्भसूचीत ‘इंटरनेट’ आणि ‘पर्यावरण शिक्षण पुस्तक’. शिक्षक वहीचे वजन पाहून सही करतो, कारण त्याच्या टेबलावर तशा आणखी दीडशे असतात. मुलगा यातून एकच गोष्ट पक्की शिकतो : लिहिणे म्हणजे उतरवणे. पुढे कॉलेजात असाइनमेंट, जर्नल, टर्मवर्क, सबमिशन ही नावे बदलत जातात, हात मात्र तेच करत राहतो.

कॉलेजात आल्यावर आणखी एक अडचण भेटते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. प्रत्येक विषयाला चांगले उत्तर म्हणजे वेगळेच काही हवे असते. मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट या ब्रिटिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये हे दाखवले. विद्यार्थी आणि प्राध्यापकांशी बोलल्यावर त्यांच्या लक्षात आले, की लिहिण्याचे कसब एकदा शिकून सगळीकडे चालवता येत नाही. एका विभागात वाखाणलेली पद्धत दुसऱ्या विभागात खोडली जाते, आणि तो फरक काय आहे हे प्राध्यापकांनाही नीट सांगता येत नाही. आपल्याकडेही तेच. इतिहासाच्या बाई दोन साधनांतला विरोध दाखवला की खूश होतात, वाणिज्यच्या सरांना व्याख्या, प्रकार, फायदे, तोटे असे मुद्दे हवे असतात. मुलांना हे वर्षभराने, गुणपत्रिका पाहून, नाही तर एटीकेटी लागल्यावर कळते.

ज्या देशांनी हा प्रश्न आधी हाताळला, त्यांचा इतिहास सरळ नाही. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेश परीक्षेत इंग्रजी लेखन घातले, निकाल पाहून हबकले, आणि दहा-अकरा वर्षांत पहिल्या वर्षाला लेखनाचा वर्ग सक्तीचा केला. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातल्या सगळ्या शाळा-उत्तीर्ण मुलांना दार उघडले. कामगारांची, स्थलांतरितांची, काळ्या वस्त्यांतली मुले आत आली. मिना शॉनेसी या तिथल्या प्राध्यापिकेने अशा मुलांचे सुमारे चार हजार निबंध घेऊन त्यांतल्या चुकांचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. त्यांच्यामागे स्वतःचा एक तर्क आहे, आणि तो ओळखला तर शिकवता येते. आपल्याकडे पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका हाती घेताना हे पुस्तक आठवावे असे आहे.

कॅलिफोर्नियाने मात्र उलट धडा गिरवला. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत कच्च्या ठरलेल्या मुलांना आधी बिनक्रेडिटच्या पूर्वतयारी वर्गांत बसवत. ती मुले तिथेच अडकत आणि कॉलेज सोडून जात. २०१७ च्या कायद्याने हे जवळजवळ थांबवले : मूळ वर्गातच घ्या आणि सोबत जादा मदत द्या. पदवीसाठी चालणारा इंग्रजीचा वर्ग पहिल्याच वर्षात पार करणाऱ्यांची संख्या त्यानंतर बरीच वाढली. आपल्याकडे जुलैमध्ये उरकले जाणारे आठ-पंधरा दिवसांचे ‘ब्रिज कोर्स’ याच कसोटीवर पाहावेत. विषयापासून तोडलेले वाचन-लेखन मुलांना शिक्षेसारखे वाटते. दुष्काळाचा तो परिच्छेद अर्थशास्त्राच्या तासालाच वाचला, तर त्याला काही अर्थ राहतो.

अभ्यासाच्या सवयींवरचे संशोधनही कामाचे आहे. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती तपासल्या. हायलायटरने ओळी रंगवणे आणि पुन्हापुन्हा वाचणे या पद्धती तळाशी गेल्या. पुस्तक मिटून स्वतःलाच प्रश्न विचारणे आणि अभ्यास दिवसांत विभागणे या वर राहिल्या. आपल्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात पिवळे, गुलाबी, हिरवे हायलायटर असतात. शब्दसंपत्तीचेही तसेच. एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये अभ्यासग्रंथांतल्या इंग्रजी शब्दांची यादी केली. त्यात ५७० शब्दकुळे आहेत, आणि अशा मजकुरातला सुमारे दहावा हिस्सा तेवढ्यातच येतो. दोन वर्षांत ५७० म्हणजे आठवड्याला सहासुद्धा नाहीत. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला हजारो रुपये मोजणाऱ्या पालकांना हा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही.

लेखनाचा हिशेब शिक्षकाच्या बाजूने मांडला तर तो जड जातो. ऐंशीच्या तीन तुकड्या म्हणजे २४० वह्या. दर आठवड्याला एक परिच्छेद, प्रत्येकाला पाच मिनिटे, म्हणजे वीस तास नुसते तपासण्याचे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला त्या वीस तासांचे काहीच मिळत नाही. म्हणून ‘मुलांकडून भरपूर लिहून घ्या’ असे सल्ले सोपे असतात. ज्यांनी यातून वाट काढली आहे ते सगळे तपासत नाहीत. दर आठवड्याला दहा परिच्छेद उचलतात, त्यांतले दोन नावे झाकून फळ्यावर घेतात, आणि वर्गासमोर सुधारतात. उरलेल्या वह्या मुलेच एकमेकांच्या वाचतात, प्रश्न एकच : याचे म्हणणे काय, ते एका ओळीत लिही. एवढ्याने निबंधकार तयार होणार नाहीत, पण आपण लिहिलेले दुसऱ्याला कळले नाही, हा अनुभव मुलाला बारावीआधी येतो.

वाचायला द्यायचे काय, या प्रश्नाला मराठीत उत्तर आहे आणि ते फारसे वापरले जात नाही. वाईचा मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट आहे. त्यातली कोणतीही मध्यम नोंद वाचली तरी व्याख्या, वर्गीकरण आणि मतभेद कसे मांडावेत याचा नमुना मिळतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश विषयवार आहेत. ‘साधना’, ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ यांत पाठ्यपुस्तकापेक्षा अवघड आणि संशोधनपत्रिकेपेक्षा सोपा असा मजकूर सापडतो. नेमकी तीच पायरी मुलांना मिळत नाही. मराठीत वाद घालायला शिकलेला विद्यार्थी इंग्रजी मजकुरातला वाद लवकर ओळखतो, हा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. इंग्रजी टाळा असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. एफ.वाय.नंतरचे बरेचसे वाचन इंग्रजीतच आहे आणि ते तसेच राहणार आहे.

कॉलेजबाहेरही काम चालू आहे. विदर्भात राजू केंद्रे यांनी सुरू केलेली ‘एकलव्य’ ही संस्था घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना देशातल्या मोठ्या विद्यापीठांपर्यंत पोचवण्यासाठी शिबिरे घेते, अर्जांना आणि मुलाखतींना मदत करते. ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ बारावीच्या पुस्तकात आहेच. तिथे ते साच्यात बसवले की गुण मिळतात. खऱ्या अर्जात साचा पहिल्या वाचनात उघडा पडतो. मी कुठून आलो, हा विषय का, पुढे काय करणार, हे दुसऱ्या कोणाचेही उत्तर चालणार नाही अशा रीतीने सांगावे लागते, आणि त्यासाठी मसुदा कोणीतरी वाचून परत द्यावा लागतो.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले आणि झेरॉक्सच्या दुकानाला स्पर्धक मिळाला. आता उतरवायचेही कष्ट नाहीत. यावर बंदी घालण्याची भाषा व्यर्थ आहे. त्यापेक्षा व्हायवा खऱ्या अर्थाने घेणे सोपे : वहीतले तिसरे पान उघड आणि हा आकडा कुठून आला ते सांग. वाङ्मयचौर्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत, दहा टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, पुढे चढत्या शिक्षा आहेत. पण ते संशोधकांच्या पातळीवर लागतात, आणि सवय त्याच्या सहा-सात वर्षे आधी लागलेली असते.

हे सगळे पुढे ढकलण्याला आता मुदत आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. तिच्यात क्षेत्रीय प्रकल्प आहे, कार्यानुभव प्रशिक्षण आहे, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायची मुभा आहे. संलग्न महाविद्यालयांची पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये त्या चौथ्या वर्षाला पोचेल, आणि १२ क्रेडिटचा प्रबंध लिहायला बसेल. त्याआधीच प्रत्येक कॉलेजात दर वर्षी शेकडो क्षेत्रीय अहवाल जमा होऊ लागतील. ते वाचायचे कोणी, कार्यभाराच्या तक्त्यात त्या वाचनाचे किती तास धरायचे, आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला त्याचे मानधन द्यायचे की नाही, यावर बहुतेक ठिकाणी प्राचार्यांच्या टेबलावर अजून निर्णय व्हायचा आहे.